औषध सुटलं, पण भिंतीचं काय?
लेझर सुरू केला आणि पडद्यावर दिसणारी, शरीरात औषध पोहोचवण्यासाठी बनवलेली सूक्ष्म कॅप्सूल फुटली. औषधाच्या जागी आत भरलेला चमकता रंग क्षणात पसरला. सगळे खूश. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, औषध सुटलं, पण भिंतीचं काय?"

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

कॅप्सूलची ही भिंत म्हणजे धन आणि ऋण प्रभाराच्या पॉलिमरचे आलटूनपालटून चढवलेले थर. शास्त्रज्ञ गेरो डेखर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुजवली; १९९८मध्ये त्यातून पोकळ कॅप्सूल घडल्या. थरांत सोन्याचे नॅनोकण बसवले की ते निकट-अवरक्त (लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश शोषून तापतात आणि भिंत फाटते. त्याऐवजी अतिनील किरण वापरले तर ते पेशींना इजा करतात, ऊतींत खोल शिरतही नाहीत. निकट-अवरक्त प्रकाश त्यामानाने बराच आत जातो. म्हणूनच मला या कामाबद्दल मनापासून आशा वाटते.

पण सोनं शरीरात विघटित होत नाही. कित्येक कृत्रिम पॉलिमरही होत नाहीत. नॅनोकण यकृतात, प्लीहेत साठून राहू शकतात. आपण कॅप्सूल किती नेमकी उघडली ते बारकाईने मोजतो. उरलेल्या तुकड्यांचा हिशेब मात्र पुढच्या संशोधनावर सोडतो.

डेक्स्ट्रान सल्फेट आणि पॉलिआर्जिनिनसारखे, पेशींतली विकरं (एन्झाइम) तोडू शकतील असे थर तर आहेत. मग सुरुवातच तिथून का करू नये?