जुनी आठशे, सोलापूरची थंडी आणि ऑईलचा डबा (लॉग, खेप चौथी)

गाडी तीच. १९९५ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमएच-१३. रेडिएटरचं रडगाणं मागच्या खेपेला संपलं, आता ऑईल.

२९ नोव्हेंबर
पहाटे पावणेसहा, अंगणात १४ अंश. चोक (गार इंजिनाला पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा नॉब) ओढला, दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. पण वरून टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक. आमचं घर पूर्व भागात, लहानपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे आवाज खटकला नाही. खटकली ती त्याची लय. मोबाईलवर मोजलं, ७ सेकंदांनी बंद. दुपारी चालू केली तर काहीच नाही.

आत २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑईल. आमचे मिस्त्री चाचा जुन्या गाडीला दुसरं काही घालतच नाहीत. मी सरळ हिशेब मांडला: थंडीत जाड ऑईल वर चढायला वेळ लागतो, तर पातळ घालू.

३ डिसेंबर
डब्यावरचे आकडे नीट वाचले. त्यातला डब्ल्यू म्हणजे वेट नाही, विंटर. गार इंजिन सेल्फवर फिरेल इतपत ऑईल पातळ राहतं का, याची चाचणी २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशाला होते, १५डब्ल्यूसाठी उणे २०ला, ५डब्ल्यूसाठी उणे ३०ला. आपली थंडी म्हणजे गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पहाटे स्वेटर आणि दुपारी हाफ शर्ट. या हिशेबात सोलापूरला हिवाळा नाहीच.

मागचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशाला ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. तरी गार असताना दोन्ही सारखेच वाहतात असं नाही. ४० अंशाला साधं १५डब्ल्यू-४० साधारण ११० च्या आसपास भरतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे जातं. १४ अंशाला ही तफावत आणखी वाढणार. म्हणून १५डब्ल्यू-४० करून बघायचं ठरवलं.

आपल्यातल्या एकाने ५डब्ल्यू-३० सिंथेटिक सुचवलं होतं. नको. एक तर तीस वर्षांचे सील आणि झिजलेल्या बेअरिंगना एवढं पातळ ऑईल मला नको. दुसरं झिंकचं. झीज रोखणाऱ्या झिंकच्या मिश्रणात फॉस्फरस असतो, आणि एपीआय एसएन (डब्यावर लिहिलेला अमेरिकी दर्जा) दर्जाच्या ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. जुन्या कॅम-रॉकरला (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, एकमेकांवर घासणाऱ्या भागांना) दोन पैसे जास्त झिंक मिळालेलं बरं.

७ डिसेंबर
चाचांकडे ऑईल बदली. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा) नट, नवा तांब्याचा वायसर. फिल्टर तोच ठेवला, कारण दीड हजार किलोमीटरच झाले होते. (ही चूक. पण तिच्यामुळेच पुढचं कळलं.) चाचा म्हणाले, "म्हाताऱ्याला पातळ आमटी वाढतोयस. उन्हाळ्यात माझ्याकडेच येशील."

८ ते १५ डिसेंबर
रोज पहाटे नोंद. १३ ते १५ अंश, टकटक ६, ६, ५, ७, ६ सेकंद. तीन दिवस उठलोच नाही. म्हणजे डबाभर ऑईल ओतून कमाई एका सेकंदाची.

२१ डिसेंबर
आता फक्त फिल्टर बदलला, ऑईल तेच. इंजिन बंद झाल्यावर वर चढलेलं ऑईल फिल्टरमधून परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून आत एक रबरी पडदा असतो. आधीचा फिल्टर स्वस्तातला, नाव नसलेला. पत्र्याच्या कात्रीने कापला तर पडदा वाळलेल्या भाकरीसारखा कडक, बोट लावलं की कड तुटते. रात्रभरात फिल्टर रिकामा, सकाळी पंप आधी तो भरणार, मग वर ऑईल पाठवणार. माझे सात सेकंद तिथेच जात होते.

२२ डिसेंबर, १३ अंश: २ सेकंद. २३ ला पुन्हा २. ज्यांच्या गाडीला सकाळी टकटक आहे त्यांनी आधी फिल्टर बघा, डबा नंतर घ्या.

४ जानेवारी
तुळजापूरहून परत. दुपारी ३१ अंश. सात रस्त्याच्या सिग्नलला आयडलवर ऑईलचा दिवा (दाब कमी झाल्याची खूण) लुकलुकला, रेस दिली की गेला. पोटात गोळा. चाचांचा फोन लावायला हात गेला, पण "सांगितलं नव्हतं?" ऐकायची तयारी नव्हती. घरी येऊन गाडी थंड होऊ दिली आणि डिपस्टिक काढली. लेव्हल बोटाच्या पेरभर वर! ही गाडी महिन्याला थोडं ऑईल पिते, वाढवत कधी नाही. नाकाशी धरली तर पेट्रोलचा वास.

५ जानेवारी
गेलोच चाचांकडे. पहिला संशय पेट्रोल पंपाच्या डायफ्रॅमवर, तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. उघडून पाहिला, धडधाकट. मग चाचांनी एअर क्लीनर काढला आणि मला चोकचा नॉब आत ढकलायला लावला. नॉब पूर्ण आत, पण खाली चोकची पत्ती अर्धी बंदच. केबल गंजून अडकलेली. थंडी सुरू झाल्यापासून मी रोज चोक ओढत होतो आणि तो पूर्ण परत जातच नव्हता. त्यात मंडईपर्यंतच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑईल पातळ होतं. ऑईल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थरही होता, तो वाफेच्या पाण्याचा. तोही या छोट्या फेऱ्यांचाच प्रताप.

बिचारं १५डब्ल्यू-४० विनाकारण बदनाम होणार होतं. पेट्रोल मिसळलं तर २०डब्ल्यू-५० सुद्धा पातळ झालंच असतं. महिनाभरही न चाललेलं ऑईल काढून टाकलं, केबल नवी, फिल्टर तोच चांगला. पुन्हा १५डब्ल्यू-४०. चाचांनी मान हलवली, पण घातलं.

१८ जानेवारी
गड्ड्याच्या गर्दीत पाऊण तास रांगत गाडी चालवली, तेही दुपारी. दिवा एकदाही लागला नाही. डिपस्टिकला वास नाही, लेव्हल किंचित खाली, म्हणजे गाडी पूर्ववत ऑईल पितेय. हे बघून मला झालेला आनंद घरात कुणाला समजला नाही.

मार्चअखेरीस मात्र २०डब्ल्यू-५० वर परत जाईन. आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकला आणि भर दुपारी अक्कलकोट रोडवर गाडी उभी राहिली की ५० चा जाडपणा हवाहवासा वाटतो. तेव्हा चाचांचं म्हणणं खरं ठरेल, फक्त मी ते त्यांना सांगणार नाही.

राहिलेले दोन सेकंद टॅपेटच्या गॅपचे असावेत. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणलाय. रविवारी हुरड्याला गावी जायचंय, त्यामुळे टॅपेट सोमवारी पहाटे, इंजिन गार असताना.