गेम तर चालतोय ना?

मी एमुलेटर, म्हणजे जुन्या गेम मशीनची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "जुन्या निन्टेंडोचा ना? ते तर केव्हाच झालंय की. गेम तर चालतोय ना? मग तू अजून करतेस काय?" काही जण त्याला शेपूटही जोडतात, "आणि तेही फुकट?" इतकी वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता हसायचाही कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

'केव्हाच झालंय' यात चूक काहीच नाही. १९९७ साली आलेला नेस्टिकल नावाचा एमुलेटर त्या काळच्या साध्या पीसीवर हे गेम पळवत होता. आज मेसेन हा एमुलेटर इतका काटेकोर आहे की कुठे अडलं तर मी स्वतः त्याचा कोड उघडून बघते. म्हणजे माझ्यावाचून कुणाचंही काही अडलेलं नाही. हे मीच आधी सांगते, तुम्ही सांगायचे कष्ट घेऊ नका.

माझं भांडण आहे ते 'चालतो' या शब्दाशी. त्या कन्सोलमध्ये प्रोसेसरचा एक ठोका पडतो तेवढ्यात चित्र काढणाऱ्या चिपचे तीन पडतात. चित्राच्या एका ओळीला या चिपचे ३४१ ठोके, फ्रेमला २६२ ओळी, सेकंदाला साधारण ६० फ्रेम. मशीनची स्वतःची कामाची मेमरी अवघी दोन किलोबाइट. मग त्या प्रोग्रामर मंडळींनी करावं काय? ते ठोक्यांच्या फटीत हात घालायचे. वरचं जग सरकतंय आणि खालची गुणांची पट्टी जागच्या जागी, हे दिसायला किती साधं! पण त्यासाठी अचूक त्या ओळीवर प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं थांबव, आधी हे कर' असा इशारा, यावा लागतो. तो जरा मागेपुढे झाला तरी गेम चालतोच. फक्त एक ओळ थरथरते.

अशाच एका ओळीबद्दल माझा एमुलेटर वापरणाऱ्या एकाची मला तक्रार आली होती. "तिसऱ्या टप्प्यात पट्टीच्या वरची ओळ हलते. माझ्या खऱ्या मशीनवर हलत नाही." नम्र, नीट लिहिलेली तक्रार. मी तेव्हा तक्रारींनी कावलेले होते. "मूळ गेमच तसा आहे" असं लिहिलं आणि तक्रार बंद केली. तपासलं काहीच नव्हतं. तपासणार कशावर? खरं मशीन माझ्याकडे नव्हतंच.

त्याने टीव्हीसमोर कॅमेरा धरून व्हिडिओ पाठवला. ओळ स्थिर. मी लिहिलं, टीव्ही चित्राच्या कडा कापतो, म्हणून तुला दिसत नाही. पट्टी कडेपासून चांगली आत होती, आणि हे मला लिहिताना कळत होतं. तिसऱ्यांदा त्याने एवढंच विचारलं, "मी खोटं कशाला बोलेन?" त्याला मी उत्तर दिलं नाही.

त्याच आठवड्यात मी गुपचूप चार ओळींचा कोड टाकला. कार्ट्रिजचा, म्हणजे गेमच्या डबीचा, चेकसम (त्यातल्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) अमुक असेल तर इंटरप्टची वेळ जरा सरकवायची. ओळ हलायची थांबली. याला आम्ही हॅक म्हणतो. माझ्या फाइलीत असे अकरा आधीच होते, हा बारावा. त्याला कळवलं नाही. कळवायचं तर तो बरोबर होता हेही लिहावं लागलं असतं ना!

दीड वर्षाने, दुसऱ्याच कामासाठी, मी जुनं मशीन घेतलं आणि त्याच्याबरोबर तेही कार्ट्रिज. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचायला तीन संध्याकाळी गेल्या. मी खेळायला भिकार आहे, आणि खऱ्या मशीनवर सेव्ह स्टेट, म्हणजे हवा तिथे खेळ साठवून ठेवायची सोय, नसते. पोचले. ओळ ढिम्म. मी गेमकडे बघतच नव्हते, ओळीकडे बघत होते. त्यात मेले, पुन्हा पहिल्यापासून आले, पुन्हा तेच बघत बसले.

चूक साधी होती. त्या कार्ट्रिजमधली एमएमसी३ चिप ओळी मोजते असं मी धरून चालले होते. तिला ओळ म्हणजे काय हेच ठाऊक नाही. चित्रवाल्या चिपकडून येणारी पत्त्याची एक तार, ए१२, शून्यावरून एकवर चढली की ती एक आकडा मोजते, बस्स. पार्श्वभूमीची चित्रं पहिल्या तक्त्यात आणि हलत्या आकृत्यांची दुसऱ्यात असतील तर ती तार ओळीच्या २६०व्या ठोक्याच्या आसपास चढते. मांडणी उलटी असेल तर ३२४व्याच्या. मी २६० ठोकून दिलं होतं. त्या गेमची मांडणी उलटी होती.

चित्रांचा सगळा भाग फेकून ठोक्यागणिक पुन्हा लिहिला. चार महिने गेले. बाराही हॅक काढले, त्यातले दहा गेम आपोआप सुधारले. जुन्या तक्रारीखाली लिहिलं, "तुझं बरोबर होतं. मी तपासलंच नव्हतं." तोवर त्याने खातं बंद केलेलं होतं.

आणि मग शिव्या सुरू झाल्या. एमुलेटर निम्म्याने मंद झाला होता. जुन्या लॅपटॉपवाले म्हणाले, काल चालत होता, आज अडखळतो, ही कसली सुधारणा? पूर्वीची मी त्यांच्याच बाजूने भांडते. एका ओळीसाठी शंभर जणांचा खेळ बंद केलास, आणि तोही जो माणूस निघून गेला त्याच्यासाठी? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

फुकट का, याचं उत्तर सोपं वाटायचं. आता वाटतं, पैसे घेतले असते तर त्याला निदान ते परत मागता आले असते.

चोरीचा मुद्दा काढणारेही भेटतात. त्यांना मी सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (सोनीच्या प्लेस्टेशनचा एमुलेटर बनवणारी कंपनी) हा २०००चा अमेरिकी निकाल ऐकवते. एमुलेटर बनवण्यासाठी कन्सोलचा प्रोग्राम उलगडून अभ्यासणं कोर्टाने रास्त वापर ठरवलं होतं. शिवाय २०२३च्या एका अभ्यासात अमेरिकेतले २०१०पूर्वीचे ८७ टक्के क्लासिक गेम बाजारात मिळेनासे झाल्याचं दिसलं, तेही सांगते. दोन्ही खरं आहे. पण माझा एमुलेटर वापरणारे सगळे स्वतः विकत घेतलेल्या कार्ट्रिजमधूनच गेम उतरवून घेतात असं मी मानते का? नाही. माझ्या डिस्कवरचं सगळं तरी कुठे विकत घेतलेलं आहे?

उरलेल्या दोन गेमपैकी एकात आवाज मध्येच किंचित तुटतो. परवाच कुणीतरी तक्रार नोंदवली आहे. मला मनातून वाटतंय, मूळ गेमच तसा असणार. कार्ट्रिज मागवलंय.