आमची वाटचाल : टोकन ज्याचे त्याच्या खिशात

लातूरला जिल्हा परिषदेजवळच्या गल्लीत २०१३ साली आम्ही ई-निविदा भरून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा एक जुना संगणक, एकेक पान हाताने ठेवावे लागणारा स्कॅनर आणि दोन खुर्च्या एवढेच भांडवल होते. बंद पाकीट पेटीत टाकण्याची सवय असलेल्या ठेकेदारांना पोर्टल, जावा आणि डिजिटल स्वाक्षरी (ती ज्यात साठवलेली असते ते पेनड्राइव्हसारखे उपकरण म्हणजे टोकन) यांची धास्ती वाटत असे आणि त्या धास्तीवरच आमचा धंदा उभा राहिला. पुढची पाच वर्षे काम वाढत गेले, त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते २०१९ बद्दल, कारण त्या वर्षी फर्म बुडता बुडता वाचली.

निविदेचे दोन लिफाफे असतात, पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे आणि दुसऱ्यात दर. लिफाफा क्रमांक एकमध्ये काय काय जोडावे लागते हे या क्षेत्रातल्यांना नव्याने सांगायला नको. पॅन, आधार, जीएसटी नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, उलाढालीचा दाखला, बँकेची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला), भागीदारीपत्र, यंत्रसामग्रीच्या आरसी बुकांच्या प्रती, साइटवरच्या अभियंत्याची पदविका आणि त्याचे संमतिपत्र, मजूर संस्था असेल तर सभासदांची यादी. निविदा उघडेपर्यंत पोर्टल हे सारे कूटबद्ध ठेवते आणि दर तर त्यानंतरही, दुसरा लिफाफा उघडेपर्यंत, अधिकाऱ्यांच्या टोकनांशिवाय कोणाला वाचता येत नाही. दराची एवढी राखण होते. तो दर भरणाऱ्या माणसाचा घरचा पत्ता, खाते क्रमांक, बायकामुलांची नावे मात्र साध्या पीडीएफमध्ये असतात आणि त्यांच्या प्रती कार्यालयाच्या नस्तीत, लिपिकाच्या संगणकावर आणि आमच्यासारख्यांच्या हार्डडिस्कवर वर्षानुवर्षे पडून राहतात.

आमच्याकडेही तसेच होते. डी ड्राइव्हवर ठेकेदाराच्या नावाचे फोल्डर, त्यात त्याचा सगळा संसार, आणि पासवर्ड कशालाच नाही. टेबलाच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात ८३ जणांची टोकने होती, आणि प्रत्येक टोकनाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पिन लिहिलेला होता. ठेकेदार रात्री साइटवर अडकलेला, शुद्धिपत्रक संध्याकाळी निघालेले आणि मुदत दुसऱ्या दिवशीची, अशा वेळी टोकन आमच्यापाशी असणे ही दोघांचीही सोय होती. स्वाक्षरीची खासगी किल्ली (टोकनातली, जिने स्वाक्षरी होते ती) स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४२ ने धारकावरच टाकलेली आहे, आणि दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम ६६-सी (66C) खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे वाचण्याची तसदी त्या काळात आम्ही घेतली नव्हती.

त्या डब्यात एकाच माणसाचे टोकन कधी आले नाही. ते औशाकडचे ठेकेदार. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. पहिल्या वर्षापासूनचे आमचे गिऱ्हाईक. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण मोरीच्या कामाचा अंदाज तोंडी सांगतील तो कागदावर क्वचितच चुकला. टोकन ते शर्टाच्या आतल्या खिशात, रेक्झिनच्या छोट्या पाकिटात ठेवतात. मी एकदा म्हटले, "अण्णा, इथं ठेवा, येण्या-जाण्याचा हेलपाटा वाचेल." त्यावर ते म्हणाले, "अंगठा कुणी उसना देतेत का?" मला तो त्यांचा हट्ट वाटला होता.

२०१९ च्या पावसाळ्याआधी एका नगरपरिषदेच्या नालीच्या कामात अण्णांची निविदा तांत्रिक छाननीत अपात्र ठरली. कारण असे दिले होते की, त्यांनी दाखवलेला साइट अभियंता दुसऱ्या एका निविदाकाराच्या कागदपत्रांतही दाखवलेला आहे. तो मुलगा दोन वर्षे अण्णांकडेच काम करत होता आणि त्या दुसऱ्या निविदाकाराचे नावही त्याने ऐकलेले नव्हते. आम्ही तिघे कार्यालयात गेलो. लिपिकाने पडद्यावर ती प्रत उघडून दाखवली. पदविकेच्या प्रमाणपत्रावर डाव्या कडेपासून दोन बोटे अंतरावर, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी करडी रेघ होती.

ती रेघ आमची होती. २०१६ मध्ये घेतलेल्या, पाने स्वतः ओढून घेणाऱ्या स्कॅनरच्या काचेवर स्टेपलरच्या पिनेने ओरखडा पडला होता. त्यातून गेलेल्या प्रत्येक पानावर ती रेघ उमटत असे, आणि काच बदलायचे मी आज-उद्या करत आलो होतो. लिपिकाला त्यातले काही कळले नाही. अण्णांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आमचा ऑपरेटर तीन महिन्यांपूर्वी काम सोडून समोरच्या दुकानात गेला होता. तेच काम करणारे ते दुकान वर्षभरापूर्वी सुरू झाले होते. जाताना त्याने आमचा संपूर्ण डी ड्राइव्ह सोबत नेला, हे आम्हाला त्या रेघेने सांगितले. समोरच्याने एका नव्या ठेकेदाराची निविदा भरताना अभियंत्याची जागा रिकामी राहते असे पाहिले आणि आमच्या फोल्डरमधला एक मुलगा उचलून तिथे बसवला. बाजारात मात्र बोभाटा झाला तो असा की, आम्हीच गिऱ्हाइकांचे कागद विकतो. आम्ही पोलिसांत अर्ज दिला, त्यावर पुढे काही झाले नाही. सहा आठवड्यांत १४० गिऱ्हाइकांची ५२ झाली. त्या दुकानाचा राग मला आजही आहे आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही, कारण आमची चूक निष्काळजीपणाची होती आणि त्यांची जाणूनबुजून केलेली होती.

अण्णांनी माहिती अधिकारात त्या निविदेची कागदपत्रे मागितली. आम्हाला हवे होते ते अभियंत्याविषयीचे दोन-तीन कागद. हाती आला २१४ पानांचा गठ्ठा. त्यात त्या ठेकेदाराच्या भागीदार म्हणून दाखवलेल्या वृद्ध आईचे आधारकार्ड होते, तिच्या बचत खात्याचे उतारे होते, आयकर विवरणपत्रे होती, आणि एकाही आकड्यावर काळी पट्टी नव्हती. त्रयस्थ व्यक्तीने गोपनीय मानलेली माहिती द्यायची असेल तर माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ११ नुसार पाच दिवसांत तिला नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे मांडायला दहा दिवस द्यावे लागतात. कलम १० नुसार देण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला झाकता येतो. विवरणपत्रातला तपशील ही वैयक्तिक माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात म्हटले होते. त्या माउलीला नोटीस गेली असती तर तिने काय म्हटले असते, हा विचार करत मी तो गठ्ठा दोन दिवस टेबलावर ठेवला. मग अभियंत्याचे कागद काढून घेतले आणि उरलेली पाने अण्णांच्या समोर फाडून जाळली. आमच्या विरोधात उभ्या असलेल्या माणसाच्या घरचे कागद असे आमच्या हाती पडावेत, याची मला स्वतःच्या नुकसानीइतकीच चीड आली.

त्याच आठवड्यात डबा रिकामा केला. ८३ टोकने ज्याची त्याला परत दिली आणि प्रत्येकाला पिन बदलायला लावला. पुष्कळांनी नाराजी दाखवली, काहींनी तेच टोकन समोरच्या दुकानात नेऊन ठेवले. निविदा भरून झाल्यावर स्कॅन केलेल्या फायली गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर द्यायच्या आणि आमच्याकडून काढून टाकायच्या, हा नियम केला. त्यामुळे दरवेळी सगळे कागद पुन्हा स्कॅन करावे लागतात आणि मुदतीच्या आदल्या रात्री अकरापर्यंत दुकान उघडे ठेवावे लागते. काच बदलली. डिजिटल स्वाक्षरीची वर्ग दोनची प्रमाणपत्रे देणे जानेवारी २०२१ पासून बंद होऊन सगळ्यांना वर्ग तीन घ्यावे लागले, तेव्हा जुनी बरीच गिऱ्हाइके परत आली.

नव्या मुलांना मी एवढेच सांगेन की, आधार मागितले तर शेवटचे चार अंक दिसणारे झाकलेले आधार जोडा, आणि प्रत्येक प्रतीवर निविदेचा क्रमांक घालून "केवळ या निविदेसाठी" असे आडवे लिहा. पोर्टलवरच्या नोंदणीत मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या, एजंटाचा कधीही देऊ नका, कारण पासवर्ड बदलायची वाट तिथूनच जाते. अभियंत्याची पदविका जोडताना दर वेळी त्याला विचारा, कारण ती पदविका त्याची आहे. आणि निविदा काढणाऱ्या साहेबांना विनंती आहे की, पॅनने काम भागत असेल तिथे आधार मागू नका, आणि अपात्र ठरलेल्यांचे कागद किती काळ ठेवणार ते निविदेतच लिहा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या, वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतच्या कलम ८(१)(ञ) चे शब्दही बदलले. आता नवीच अडचण दिसते. पूर्वी आधारकार्डासकट गठ्ठा हाती देणारी कार्यालये उद्या यशस्वी निविदाकाराचा अनुभवाचा दाखलाही "वैयक्तिक" म्हणून नाकारू लागतील, अशी मला भीती वाटते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याचे कलम ८(२) अजून जागेवर आहे, ते वापरावे. कोणाला काम मिळाले, कोणत्या पात्रतेवर, कोणत्या दराने, हे गावाला कळलेच पाहिजे. अण्णांच्या अभियंत्याची खोटी नोंद आम्ही सिद्ध करू शकलो ती कागद पाहायला मिळाला म्हणूनच. त्यासाठी कोणाच्या आईचे बँक खाते पाहण्याची गरज पडली नव्हती.

ते नालीचे काम अण्णांना मिळाले नाही. त्यांचा अभियंता आजही त्यांच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात निलंग्याकडच्या एका रस्त्याची निविदा भरायला ते आले, आतल्या खिशातून ते पाकीट काढले, टोकन स्वतः जोडले. पिन टाकताना ते अजूनही डाव्या तळहाताने कीबोर्ड झाकतात, आणि मी खिडकीकडे तोंड करून उभा राहतो.