आमची वाटचाल : पाट्यांच्या भट्टीपासून पिकअपच्या लिफ्टपर्यंत

मुळात आमचं काम पाट्यांचं. मालवाहू ट्रकचे बसलेले पाटे, म्हणजे एक्सलवरचा भार पेलणाऱ्या बाकदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवायचे, भट्टीत लाल करायचे, बाक द्यायचा, तेलात विझवायचे आणि मग मोजक्या आचेवर पुन्हा तापवून त्यांचा ठिसूळपणा काढायचा. वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा पिकअप आमच्याकडे क्वचितच येई, आली तर एखादा मेन पाटा तुटलेला असे. गाडी उंच करून घेण्यासाठी कोणी येत नसे.

ती मागणी हळूहळू आली, आणि आली ती इंचांत. ‘दोन इंच वर घ्या’, ‘चार बसतील का?’ लिफ्टची, म्हणजे गाडी उंच करायची, किट तयार मिळायला लागली होती, खोक्यावर आकडा छापलेला असे आणि गिऱ्हाईक तोच आकडा घेऊन दारात उभं राही. आम्हीही काही काळ कपाटात किट भरून ठेवली. पण जुन्या पिकअपचं असं आहे की एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आमच्या दारात सारख्या उंचीवर कधी उभ्या राहिल्या नाहीत. एकीचा मागचा भाग वजनाने बसलेला, दुसरीचा चालकाकडचा कोपरा झुकलेला, तिसरीला आधीच्या मालकाने शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा, बदलून ठेवलेला. अशा गाडीला चार इंचांचं किट लावलं म्हणजे चार इंच कशाच्या वर? भांडवल कपाटात अडकायचं ते वेगळंच. किट ठेवणं बंद केलं आणि मोजमापाचं काम धाकट्या भावाने हातात घेतलं. आमच्या धंद्याने खरं वळण घेतलं ते तिथे.

मोजमाप साधंच आहे. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, हवा चारही टायरमध्ये नियमाप्रमाणे भरायची आणि हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवा आकड्यात घुसते, म्हणून हबपासून. चार कोपऱ्यांचे चार आकडे आणि कंपनीचा मूळ आकडा शेजारी लिहिला की निम्मं निदान कागदावर दिसतं. गिऱ्हाईक ज्याला लिफ्ट म्हणत असतं, त्यातला बराचसा भाग म्हणजे गाडीने वर्षानुवर्षांत गमावलेली उंची असते. ती मूळ मापाच्या नव्या पाट्यांनी परत मिळते, आणि तेवढ्यावरच खूश होऊन परत गेलेली माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत.

एक पिकअप लक्षात राहिली आहे. हौद्यात लोखंडी पेटी कायमची बोल्ट केलेली, आत वेल्डिंगचं सामान. मालकाला मागे चार इंच हवे होते. भावाने त्याला काही न बोलता गाडी वजनकाट्यावर नेली. पेटी धरून मागच्या एक्सलवर इतका भार होता की खालचा जाड हेल्पर पाटा, जो एरवी माल भरल्यावरच कामाला लागायचा, तो उभ्या गाडीतच पुरता टेकलेला. पाट्यांच्या टोकांना घासून चकाकी आली होती. ती गाडी एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घालून उचलली असती तर ती उंच दिसली असती आणि खड्ड्यात तशीच आदळत राहिली असती. आम्ही त्याच्या रोजच्या वजनाला बेतून नवा संच बांधला, एक पान, म्हणजे संचातली एक पट्टी, जास्त घेऊन. गाडी मूळ उंचीपेक्षा थोडीशीच वर बसली. मालकाने पेटीसकट फेरी मारली आणि परत येऊन पुढचेही पाटे बघायला सांगितले.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ‘किती इंच?’ हा नसतो. हौद्यात रोज काय असतं, ओढगाडी जोडता का, आणि टायर कुठला घालायचा आहे, हे आधी. काही जणांना ही चौकशी आवडत नाही, ते दुसरीकडे जातात. जाऊ देतो. लिफ्टने गाडीची भारक्षमता वाढत नाही, एवढं मात्र जाताना सांगतो, कारण उंच गाडी बघून जास्त माल भरायचा मोह होतोच.

पाटे ठोकून बाक देणारे अजून आहेत. थंड पाटा हातोड्याने ठोकून वाकवला की त्या दिवशी गाडी वर दिसते, पण थोड्याच काळात पुन्हा बसते. आमच्याकडे भट्टी आहे म्हणून हे बोलतो असं कोणी म्हणेल, म्हणोत. प्रत ईएन ४५ असो की एसयूपी ९, स्प्रिंगच्या पोलादाची ताकद उष्णोपचारात असते, आणि पाटा फार गंजलेला किंवा चिरलेला असेल तर भट्टीतही घालत नाही. नवाच घेतो.

मागचं टोक वर घ्यायचे तीन मार्ग लोकांना माहीत असतात : एक पान वाढवणं, लांब शॅकल, किंवा एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा. पान वाढवलं की उंचीबरोबर कडकपणाही वाढतो. वजन नेणाऱ्याला तो हवा असतो, रिकामी गाडी फिरवणाऱ्याची कंबर धरते. शॅकलचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. पाट्याचं एकच टोक खाली जातं, त्यामुळे शॅकल दोन इंच लांब केला की गाडी साधारण एकच इंच उचलली जाते. ठोकळा स्वस्त आणि झटपट, पण तो जितका उंच तितका एक्सलला पाटे पिळायला जास्त वाव मिळतो. जोरात निघताना मागून धक्के बसतात ते त्यामुळे. ठोकळ्यावर ठोकळा आम्ही रचत नाही, आणि पुढच्या एक्सलखाली एकही बसवत नाही. तिथे स्टेअरिंग आणि ब्रेकचा सगळा ताण येतो.

पुढचं टोक हा वेगळाच विषय, आणि इथे गाडीचं साल बघावंच लागतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-व्हील पिकअपला १९८५ पर्यंत पुढे अखंड एक्सल आणि पाटे होते, १९८६च्या मॉडेलपासून टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे लांब दांडे, आले. इतर कित्येक देशांत तीच पिकअप, हायलक्स, पुढेही पाट्यांवरच धावली. शेवरोलेच्या मोठ्या (फुल-साइज) फोर-व्हील पिकअपमध्ये तसाच बदल १९८८ला झाला. फोर्डच्या एफ-१५० फोर-व्हीलला १९८० ते १९९६ या काळात मधे तोडलेल्या दोन तुळयांचा एक्सल होता. तो नुसत्या स्प्रिंगने उचलला की चाकं वरून बाहेर कलतात, म्हणून तुळयांचे खुंटेही खाली घ्यावे लागतात.

टॉर्शन बारवाल्या गाड्यांची तर वेगळीच तऱ्हा. बोल्ट फिरवला की पुढचं टोक वर येतं, पाना असला की घरीसुद्धा होतं, त्यामुळे अशा आधीच पिळून आणलेल्या गाड्या आमच्याकडे सारख्या येतात. तक्रार एकच : गाडी कडक झाली. बार काही कडक होत नाही. चाकाला खाली जायला जी जागा होती ती उंचीने खाल्लेली असते, म्हणून खड्डा आला की चाक धरणारा आर्म, चाक खाली जाताना अडवणाऱ्या रबरावर आपटतो. वर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, बॉल जॉइंट टोकाला जातात. साधारण दोन-अडीच इंचांच्या पुढे जायचं असेल तर नुसत्या बोल्टवर भागत नाही. वरचे आर्म बदलावे लागतात किंवा डिफरन्शिअलसकट (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) सगळी जुळणी खाली घेणारे ब्रॅकेट लागतात. जुन्या गाडीत आम्ही बहुतेकांना दीड इंचाच्या आसपासच थांबवतो.

आमचं नाव झालं ते मात्र उंचीमुळे नव्हे, तिच्यामागून येणाऱ्या कामांमुळे. मागच्या एक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक सळई जाते, कित्येक जुन्या पिकअपला असते. तिच्यामुळे ब्रेकच्या व्हॉल्वला हौद्यातला भार कळतो. गाडी वर उचलली की एक्सल चेसिसपासून लांब जातो, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि माल भरलेला असतानाही तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. सळईचा ब्रॅकेट तेवढाच वर घ्यायचा, काम लहानसं आहे. पण दुसरीकडून लिफ्ट करून आलेल्या गाड्यांत ही सळई आम्ही तार बांधून लटकवलेलीही पाहिली आहे. ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल, एक्सलच्या श्वासनळीचा पाइप, हे सगळं चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ताणून बघावं लागतं. शॉकअपची लांबी दोन्ही टोकांना मोजावी लागते, पाटे पूर्ण दबलेले आणि पूर्ण सुटलेले असताना. पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पुरते आवळायचे. हवेत लटकलेल्या गाडीवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टने भावाला सगळ्यात जास्त जागवलं. गाडी वर गेली की शाफ्टचा उतार वाढतो. दोन्ही टोकांना साधे क्रॉस (कोनात फिरणारे सांधे) असतील तर गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शिअलकडचा अक्ष एकमेकांना समांतर राहायला हवा, नाहीतर ठरावीक वेगाला सीटखाली गुणगुण सुरू होते. पाटा आणि एक्सलमध्ये पातळ पाचर घालून तो कोन आणायचा. वरच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर हिशेब उलटा, डिफरन्शिअलचं तोंड थेट शाफ्टच्या रोखाने लागतं. कोनमापक आम्ही त्यासाठीच घेतला आणि पुढे अलाइनमेंटचं यंत्रही. तोवर गाड्या बाहेर पाठवाव्या लागत आणि कॅस्टरवरून, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळायच्या अक्षाच्या मागे-पुढे झुकावावरून, दोन दुकानांत वाद होई.

टायरचं लोक उशिरा बोलतात, खरं तर तिथूनच सुरुवात व्हावी. अखंड एक्सलच्या गाडीचा डिफरन्शिअल जमिनीपासून वर जातो तो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही फरकाच्या निम्मा. ३१ इंचांवरून ३३ वर गेलात तर एक इंच. त्या बदल्यात डिफरन्शिअलचा ३.७३ चा गिअर रेशो ३.५० सारखा वागतो, चढाला गाडी दमते, आणि स्पीडोमीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी जवळपास ६४ ने धावत असते. ज्यांना फक्त टायरला जागा हवी असते त्यांना बॉडी लिफ्टही सुचवतो. सस्पेन्शनला हात लागत नाही. स्टेअरिंगचा दांडा, डिझेल भरायची नळी आणि रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं कडं तेवढं सांभाळायचं.

आज भट्टी चालूच आहे. ट्रकचे पाटे घर चालवतात, पिकअपच्या कामात मन रमतं, असं भाऊ म्हणतो. नव्या मुलांना आम्ही आधी गंजलेल्या चेसिसवर बारीक हातोडी वाजवायला शिकवतो, कारण शॅकलचा खुंटा जिथे जोडलेला असतो तिथलाच पत्रा आतून गेलेला असेल तर पुढचं सगळं काम थांबवावं लागतं. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरत नाही, त्यांचे आटे ताणलेले असतात. सुमारे ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून सगळे नट पुन्हा आवळतो, हेडलाइटचा झोत खाली घेतो, आणि त्या फेरीनंतरच कामाच्या कागदावर सही करतो.

तुम्ही येणार असाल तर गाडी धुऊन, हौदा रिकामा करून आणू नका. रोज जशी चालवता तशी आणा, सामानासकट. चेसिसचा नंबर आणि आधी काही बदल केलेले असतील तर त्याच्या पावत्या सोबत ठेवा. तुमच्याकडे नोंदणी आणि विम्याला किती उंची चालते तेही आधी विचारून या, कारण तो आकडा आमच्या टेपवर सापडत नाही.