स्वेटर घालून समुद्रावर

सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रावर जाताना पोहायचे कपडे राहिले तरी काही बिघडत नाही, कानटोपी राहिली तर बिघडतं. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना हे कितीही आधी सांगा, पटत नाही. मुलांच्या सुट्ट्या, विमानाची तिकिटं, घरी कुंड्यांना पाणी घालणारं कोणीतरी, असं सगळं जुळवून ते नेमके जून-जुलैत येतात. तेव्हा खाडीपलीकडच्या आमच्या फ्रीमॉन्टला ऊन मी म्हणत असतं. मग आत्या सुती साडी नेसते, काका अर्धी विजार चढवतात आणि गाडी निघते. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेशीवरचं डेली सिटी जवळ आलं की समोरचं आभाळ खाली उतरून रस्त्यावर बसलेलं दिसतं. गाडीतला तापमानाचा आकडा भराभर उतरत असतो आणि मागच्या सीटवरच्या गप्पाही त्याच्याबरोबर कमी होतात. ओशन बीचवर दार उघडल्यावर आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अगंबाई, हे काय? महाबळेश्वर?"

काकांना कारण लागतं. आतल्या सेंट्रल व्हॅलीत उन्हाळ्यात पारा ३८-४० अंशांवर जातो. तिथली हवा तापून वर गेली की तिची जागा भरायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. इकडे वायव्येचे वारे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटतात आणि खालचं गारढोण पाणी वर येतं. त्या पाण्यावरून येणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं. किनाऱ्याच्या डोंगरांत समुद्रसपाटीवरची मोठी फट म्हणजे गोल्डन गेट, ते तिथून आत घुसतं. बाकीचं ट्विन पीक्सच्या टेकड्यांवरून दूध उतू जावं तसं खाली येतं. म्हणजे आत जितकं उकडेल तितका हा किनारा गारठणार. काका हे लक्ष देऊन ऐकतात आणि विचारतात, "मग डिसेंबरात आलो असतो तर?" तर पाऊस असता, काका.

पाण्यात पाय बुडवल्याशिवाय समुद्रावर गेल्याचं समाधान आपल्याला मिळत नाही. गणपतीपुळ्याला साडी जरा वर धरून उभं राहिलं की लाट घोट्यांना गुदगुल्या करून जाते. इथलं पाणी उन्हाळ्यातसुद्धा बारा ते चौदा अंशांच्या आसपास असतं, कोकणातल्या पाण्याच्या निम्मंच म्हणा. पहिल्या लाटेला गार वाटतं, दुसरीला हाडं दुखायला लागतात. शिवाय ओशन बीचच्या पाण्याची आत खेचणारी ओढ वाईट आहे. इथे माणसं बुडाली आहेत, असं सांगणारे फलक लावलेत, आणि ते उगाच घाबरवायला लावलेले नाहीत. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका, एवढं मीही प्रत्येकाला बजावते.

पण मला या किनाऱ्याचं खरं कौतुक वाटतं ते या थंडीपायी माणसांनी केलेल्या उचापतींचं. ओशन बीचच्या उत्तर टोकाला, क्लिफ हाउस या कड्यावरच्या इमारतीच्या पलीकडे, सिमेंटचे काही तुटके चौकोन दिसतात. अ‍ॅडॉल्फ सुट्रो या धनाढ्य गृहस्थाने १८९६ मध्ये तिथे भलंथोरलं स्नानगृह उघडलं. वर काचेचं छत, खाली सात तलाव, त्यांतले सहा खाऱ्या पाण्याचे. भरतीला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, तापवायचं आणि लोकांना त्यात पोहू द्यायचं. समुद्र दहा पावलांवर असताना समुद्रस्नानासाठी छप्पर आणि बंब! १९६६ मध्ये ती वास्तू जळाली. आता त्या चौकोनांत साचलेल्या पाण्यावर पक्षी उतरतात. तो सगळा थाट ऐकून आत्या म्हणाली, "पैसे असले की माणूस काय काय करतो गं."

ज्यांना बंब परवडणार नव्हता त्यांनी अंगाला रबर गुंडाळलं. १९५२ मध्ये याच किनाऱ्यालगत जॅक ओनील यांनी सर्फिंगचं दुकान काढलं आणि पुढे थंड पाण्यात घालायच्या सुटांसाठी त्यांचं नाव जगभर झालं. आजही धुक्यातून काळ्या आकृत्या फळ्या काखेत मारून लाटांकडे जाताना दिसतात. काकांना सुरुवातीला ते सील वाटले होते.

बेकर बीचची तर गोष्टच निराळी. तिथून गोल्डन गेट पूल सुरेख दिसतो, म्हणजे दिसला तर. एरवी त्याचा भोंगा ऐकून पूल तिकडे आहे असं मानायचं. १९८६ मध्ये काही मित्रांनी याच वाळूत लाकडाचा पुतळा उभारून पेटवला. दरवर्षी तो मोठा होत गेला, १९९० मध्ये नेवाडाच्या वाळवंटात गेला आणि त्याचा बर्निंग मॅन नावाचा जंगी उत्सव झाला. त्यामागचं तत्त्वज्ञान लोक तासन्‌तास सांगतात. माझं आपलं मत असं की त्या संध्याकाळी त्यांना थंडी वाजली असणार. या बीचच्या उत्तरेकडच्या भागात मात्र पाहुण्यांना नेऊ नये. तिथे लोक अंगावर काही न घालता बसतात, तेही अशा हवेत! आत्याला त्याचं अप्रूप नैतिक कमी आणि वैद्यकीय जास्त वाटलं. "सर्दी नाही होत?"

पूल ओलांडून गेलं की रोडिओ बीच लागतो. तिथे वाळूऐवजी बारीक खडेच फार, लाल, हिरवे, मधासारखे पिवळट. लाट मागे फिरताना ते सगळे एकमेकांवर घासून खळखळतात. आत्याने मूठभर खडे तुळशीच्या कुंडीसाठी पदरात बांधले होते. राष्ट्रीय उद्यानाची जागा आहे, उचलायला बंदी आहे, हे कळल्यावर ते एकेक करून परत टाकले. दोन जरा रेंगाळत टाकले.

आमच्या वाट्याची ऊब म्हणजे आल्याच्या चहाचा थर्मास आणि ओशन बीचवरच्या शेकोट्या. मार्च ते ऑक्टोबर तिथे ठरलेल्या कट्ट्यांत लाकडं पेटवायला परवानगी असते. आम्ही मक्याची कणसं नेतो. शेजारच्या कट्ट्यावर मार्शमेलो भाजत असतात. तिखट-मीठ चोळलेलं लिंबू कणसावर फिरवलं की त्या वासाने शेजारी मान वळवतात आणि मग देवाणघेवाण होते. मार्शमेलो काकांच्या मिशीला चिकटला तेव्हा आत्या जी हसली, तसं तिला मी चौपाटीवरही हसताना पाहिलेलं नाही. गारठ्यात माणसं जवळ सरकून बसतात, मोठ्यानं बोलतात, जुन्या भांडणांचीही चवीनं उजळणी करतात. उन्हाच्या किनाऱ्यावर जो तो आपापल्या टॉवेलवर आडवा असतो.

सप्टेंबर उजाडला की धुकं ओसरतं. पाहुणे तोवर परत गेलेले असतात आणि शहराचा खरा उन्हाळा सुरू होतो. ओशन बीचवर छत्र्या लागतात, पार्किंग मिळत नाही, पुलापलीकडच्या मरीन भागातल्या स्टिन्सन बीचच्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पारा जरा अठ्ठावीसवर गेला की शहरातली माणसं हवालदिल होतात, कारण तिथल्या बहुतेक घरांत एसीच नसतो. माझी एक मैत्रीण सनसेट भागात, बीचपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. वर्षभर ती धुक्याच्या नावाने बोटं मोडते. गेल्या सप्टेंबरात तिचा फोन आला, "असह्य होतंय गं, हे धुकं परत कधी येणार?"