एकाच जागी दोनदा आलेला एक्का-गुलाम

मी व्यवसायाने पोकर खेळतो. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, तेव्हापासून माझे काम घरातल्या संगणकावरून उठून पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो-जहाजांवर गेले. तिथल्या एका स्पर्धेत एक्का-गुलाम ही जोडगोळी एकाच जागी माझ्या हाती दोनदा आली. दोन्ही वेळा मी हरलो, पण चुकलो एकदाच.

जागा होती बिग ब्लाइंडच्या, म्हणजे पाने पाहण्याआधीच मोठी सक्तीची रक्कम लावणाऱ्याच्या, लगेच डावीकडची, जिला आम्ही ‘अंडर द गन’ म्हणतो. नऊ जणांच्या टेबलावर इथे बसणाऱ्याला फ्लॉपच्या, म्हणजे सर्वांसाठीची पहिली तीन पाने टेबलावर उघडण्याच्या, आधी सर्वांत पहिल्यांदा बोलावे लागते, म्हणजे पैसे लावायचे की पाने टाकायची हे ठरवावे लागते, आणि पुढे बटणावरच्या, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या, खेळाडूने साथ दिली, म्हणजे तेवढेच पैसे लावले, तर त्याच्याआधीच प्रत्येक वेळी तोंड उघडावे लागते. मेंढीकोट खेळलेल्या कोणालाही हे सांगायला नको की शेवटी पान टाकणाऱ्याला बाकीच्यांची पाने दिसलेली असतात आणि उतरी करणाऱ्याला काहीच दिसलेले नसते.

दुपारी बिग ब्लाइंड 2,000 चा होता आणि माझ्यासमोर 80,000 च्या चिप्स होत्या. पानांचे कोपरे उचलून पाहिले तर इस्पिकचा एक्का आणि चौकटचा गुलाम. दिसायला देखणी, पण रंग वेगवेगळे, आणि या जागेवरून अगदी काठावरची. हिशेब मला पाठ होता. माझ्या दोन पानांना वगळून उरलेल्या 50 पानांच्या 1,225 जोड्या होतात. त्यांतल्या 42 जोड्या, म्हणजे एक्का, राजा, राणी किंवा गुलाम यांची जोडी, एक्का-राजा आणि एक्का-राणी, या माझ्या पानांवर सरळ भारी पडतात. एकट्या माणसाकडे असे काही असण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांहून कमी भरते. पण मागे आठ जण बसले असताना त्यांच्यापैकी कोणाकडे तरी ते असण्याची शक्यता चारात एक इतकी होते. त्यातून माझ्या डावीकडच्या दोघांकडे चिप्सचे ढीग होते आणि ते बिनधास्त खेळत होते. पाने टाकून द्यायची ती वेळ होती. पण तासभर नुसती पाने टाकून मी कंटाळलो होतो, आणि 5,000 पुढे सरकवले.

बटणावरच्या गृहस्थांनी शांतपणे साथ दिली. बाकी सगळे बाहेर पडले. फ्लॉपवर बदामचा एक्का, किलवरची अठ्ठी, चौकटची तिर्री. वरवर पाहता मला हवे तेच आले होते, आणि खरे संकट इथेच सुरू झाले, कारण एक्क्याची जोडी लागल्यावर पाने टाकवत नाहीत. मी 6,000 लावले, त्यांनी साथ दिली. चौथे पान, म्हणजे टर्न, इस्पिकची पंजी. मी चेक केले, म्हणजे काही न लावता पाळी सोडली; त्यांनी 12,000 लावले, मी दिले. शेवटचे पान, म्हणजे रिव्हर, किलवरचा राजा. मी पुन्हा चेक केले; त्यांनी पेल्यातून चिप्स ओताव्यात तितक्या सहज 24,000 पुढे ठेवले. भांड्यात, म्हणजे मधल्या ढिगात, आता 75,000 होते, म्हणजे चारात एकदा जरी मी जिंकणार असेन तरी साथ देणे परवडत होते. मी दिली. त्यांनी किलवरचा एक्का आणि बदामची राणी उलटी केली. एक्क्याची जोडी दोघांचीही, पण त्यांची राणी माझ्या गुलामावर भारी.

शेजारच्या मराठी खेळाडूने हळूच म्हटले, “रिव्हरला सोडायला हवं होतंत.” मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. रिव्हरच्या किमतीला ती साथ चूक नव्हती. पहिले 5,000 चूक होते. माझा एक्का पुढे होता की मागे, हे कळायला मला प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागले आणि त्यांना माझे चेक फुकट दिसत गेले.

पुढच्या टप्प्यावर बिग ब्लाइंड 3,000 चा झाला तेव्हा माझ्याकडे 30,000 उरले होते. त्याच जागी पुन्हा एक्का-गुलाम आला, या वेळी किलवर आणि बदाम. मी क्षणभरही न घुटमळता सगळे आत ढकलले. मागचे आठ जण तेच होते आणि चारात एकाचा धोकाही तोच होता. बदलले होते ते एवढेच की दहा बिग ब्लाइंड एकदम आत गेल्यावर फ्लॉपनंतर मला काहीच ठरवायचे नव्हते, त्यामुळे आधी बोलण्याचा तोटाच उरत नव्हता. शिवाय ब्लाइंड आणि अँटी ही आणखी एक सक्तीची रक्कम मिळून 7,500 भांड्यात पडले होते, आणि सगळे बाहेर पडले असते तर माझ्या चिप्सच्या पाव हिस्स्याइतकी ती रक्कम मला तशीच मिळाली असती. बिग ब्लाइंडने दश्श्यांच्या जोडीवर साथ दिली. शंभरात 43 वेळा मी जिंकतो असा तो सामना. पाचही पानांत ना एक्का आला ना गुलाम.

किनाऱ्याकडे परतणाऱ्या बोटीत मी नेहमीप्रमाणे वही काढून दोन्ही डाव लिहिले. दुसऱ्यापुढे फक्त निकाल लिहिला. पहिल्याच्या फ्लॉप, टर्न आणि रिव्हरच्या ओळी मोकळ्या सोडल्या, आणि ‘5,000’ या आकड्याखाली लाल रेघ ओढली.