नळाची वेळ, चार नंबरचा चेंडू आणि शिट्टी कुणाच्या गळ्यात

अकरावीतली मुलं-मुली मोठ्या उमेदीने वस्तीतल्या लहान मुलांना फुटबॉल शिकवायला लागतात आणि बारावीचा फेब्रुवारी आला की सगळं थांबतं. चेंडू, शिट्टी आणि हजेरीवही एकाच मुलाच्या घरी असते आणि तो परीक्षेला बसतो, एवढंच कारण. वस्तीतली मुलं मात्र पुढचे दोन-तीन रविवार मैदानावर येऊन वाट बघून परत जातात. हे टाळायचं असेल तर पहिल्या दिवसापासून आखणीच वेगळी हवी.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी 2006 मध्ये शेजारच्या मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी स्वतः विशी गाठलेली नव्हती. त्यातून पुढे ऑस्कर फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. 'शाळा नाही तर फुटबॉल नाही' हा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. राठोड त्याच वस्तीतले होते, ही गोष्ट त्या नियमाइतकीच महत्त्वाची वाटते. बाहेरून येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने हा नियम तसाच उचलू नये. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेल्या मुलीची शाळा बुडते, आणि मग आपण तिचा खेळही बंद करतो. आधी कारण विचारा.

सुरुवात जूनमध्ये करा. पावसात मैदान मिळणार नाही, ते दोन महिने याद्या करण्यात आणि बूट जमवण्यात घालवा. वस्तीत शिरताना अंगणवाडी सेविकेला किंवा महिला बचत गटातल्या एखाद्या ताईंना सोबत घ्या. त्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो नळाला पाणी कधी येतं, हा. सकाळी सात ते आठ पाणी येत असेल आणि तुम्ही खेळ सातला ठेवलात तर मुली येणारच नाहीत, कारण हंडे त्यांच्याच वाट्याला असतात. मुलींसाठी आणखी दोन गोष्टी लागतात: अंधाराआधी घरी पोहोचता येईल अशी वेळ आणि जवळपास वापरता येण्याजोगं शौचालय. कडेवरचं भावंड घेऊन आली तरी चालेल असं स्पष्ट सांगा, आणि त्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठी सावलीत एक चटई टाकून तिथे एकाला बसवा. एवढ्याने मुलींची हजेरी टिकते.

मैदानाची परवानगी, पैशाचा व्यवहार, सहली यांपैकी कशावरही अठरा वर्षांखालच्या मुलाने सही करू नये. तो करार कायद्याने टिकत नाही. एखादे शिक्षक किंवा नोंदणीकृत संस्था पाठीशी घ्या. देणगीदारांकडून रोख रक्कम घेण्यापेक्षा वस्तू मागा.

वस्तू म्हटल्या की लोक जुने बूट आणून देतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आधी मुलांची पावलं मोजा: कागदावर उभं करून पेन्सिलीने आखायचं, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये लिहायचं, दोन्ही पावलं. सांगितलेल्या नंबरावर जाऊ नका, बऱ्याच मुलांच्या पायात मोठ्या भावाची चप्पल असते. बुटात पायाच्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. आलेला प्रत्येक बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) तळ दमट हवेत आतून कुजतो. वरून नवाकोरा दिसतो, आणि पहिल्याच धावेत चुरा होऊन गळतो. असा बूट वाकवताच तळाला भेगा दिसतात; तो देऊ नका. खिळ्यांचे फुटबॉल बूटही बाजूला ठेवा, मुरमाच्या कडक जमिनीवर घोटा मुरगळतो. कॅनव्हासचे सपाट बूट उत्तम. धुताना आतली गादी आणि नाड्या काढायच्या, कोमट पाणी आणि साबण वापरायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायचं. नंतर दोन्ही बूट नाडीने एकमेकांना बांधा, नाहीतर वाटपाच्या दिवशी डाव्या बुटांचाच ढीग उरतो. आणि अर्ध्या मुलांना बूट, अर्धी अनवाणी असं कधीही नको. सगळ्यांना पुरतील तेव्हाच वाटप करा.

आठ ते बारा वयाला चार नंबरचा चेंडू लागतो, घेर 63.5 ते 66 सेंटिमीटर. मोठ्यांचा पाच नंबर लहान पावलांना जड जातो. शिवलेला महाग चेंडू मुरमावर लवकर उसवतो, साचातला रबरी टिकतो. चोवीस मुलांना किमान सहा चेंडू हवेत. एकाच चेंडूमागे चोवीस जण असले की चौघे खेळतात आणि बाकीचे धूळ खातात. पंपाची सुई ओली करूनच आत घाला. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते, आणि बरेच चेंडू असेच वाया जातात. कोनांऐवजी पाण्याच्या बाटल्यांत तिसरा हिस्सा वाळू भरा. रेषांना फक्की मारा, कळीचा चुना नको, तो डोळ्यात गेला तर इजा होते.

जागा अगदीच कमी असेल तर फुटबॉलचा हट्ट सोडून खो-खो घ्या. दोन खांब पुरतात, मुलींना शाळेतून नियम माहीत असतात, आणि बसलेल्यालाही सतत सावध राहावं लागतं.

खेळाआधी सगळ्यांनी एका रांगेत, खांद्याला खांदा लावून मैदान चालून काचा आणि खिळे वेचायचे. मग हजेरी, दहा मिनिटं अंग मोकळं करणं, जोडीने पास, आणि त्यानंतर 20 बाय 15 मीटरच्या चौकोनात चार-चारचे सामने, सहा-सहा मिनिटांचे. एकूण सव्वा तास. प्रत्येकी निदान 400 मिलिलिटर पाणी, म्हणजे चोवीस जणांना जवळजवळ दहा लिटर. मे महिन्यात दुप्पट. बरीच मुलं उपाशी येतात, त्यामुळे केळं शेवटी न देता सुरुवातीलाच द्या. गंजका खिळा लागला तर जखम धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी न्या. कुत्रा चावला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. घरच्यांचे फोन नंबर हजेरीवहीतच हवेत.

मुलांचे चेहरे इन्स्टाग्रामवर टाकू नका. परदेशी कॉलेजच्या अर्जाला फोटो हवा असेल तर बूट, चेंडू, पाठमोरी रांग दाखवा.

तिसऱ्या महिन्यापासून वस्तीतलीच चौदा-पंधरा वर्षांची दोघं निवडा, त्यातली एक मुलगी. आधी हजेरी त्यांच्याकडे, मग अंग मोकळं करून घेणं, मग पंचाची शिट्टी. चेंडूंची पिशवी सुरुवातीपासून वस्तीतल्या ताईंच्या घरी ठेवायची. डिसेंबरात सलग तीन रविवार तुम्ही फक्त कडेला उभं राहा, काही बोलू नका. जिथे अडेल ते लिहून ठेवा आणि जानेवारीत त्या दोघांसोबत तेवढंच दुरुस्त करा. बारावीच्या वर्षात तुमच्याकडे एवढंच काम उरावं: दर सहा महिन्यांनी दोन नवे चेंडू, चार सुया आणि एक कोरी हजेरीवही पोहोचवणं.